जुना ट्रॅक्टर गरमही होतो आणि बंदही पडतो: आधी ही दोन दुखणी वेगळी करा

आमच्या घरचा ट्रॅक्टर १९९६ चा. तीन सिलिंडर, इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा इनलाइन पंप, बॉनेटखाली वरच्या बाजूला डिझेलची टाकी, तांब्या-पितळेचं जुनं रेडिएटर. गाव दर्यापूर तालुक्यात, म्हणजे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. खाऱ्या पाण्याचा संबंध पुढे येणार आहे म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

तीन उन्हाळे या ट्रॅक्टरने आम्हाला एकच नाटक दाखवलं. सकाळी सुरू केला की झकास चालणार. उन्हाळवाहीला नांगर लावला की पाऊण तासात काटा लाल पट्ट्याकडे सरकणार, आणि तो तिथे पोचतो न पोचतो तोच इंजिन दम सोडणार, दोन हिसके देणार आणि बंद. पंधरा-वीस मिनिटं धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभा ठेवला की पुन्हा काहीच झालं नाही अशा थाटात सुरू. गावात कुणालाही विचारा, उत्तर एकच: "गरम झाला म्हनून बंद पडते, दुसरं काय!"

आम्हीही तेच धरून चाललो. रेडिएटर डाग मारून आणलं, वॉटर पंप बदलला, डिझेलचा फवारा मारणारे नोझल टेस्ट करून घेतले. एका मिस्त्रीने तर हात झटकून सांगितलं, "भाऊ, पंपच गेला म्हनून समजा. एलिमेंट टाकल्याबिगर जमत नाही." एलिमेंट म्हणजे पंपात डिझेलला दाब देणारा भाग. प्रत्येक कामानंतर चार दिवस बरे जायचे आणि पुन्हा तेच. शेवटी कळलं ते एवढंच, की ही दोन वेगळी दुखणी होती आणि ती फक्त एकाच वेळेला यायची. गरम होण्याचं कारण रेडिएटरच्या पोटात होतं. बंद पडण्याचं कारण डिझेलच्या टाकीवर होतं, तेही फुकटात काढता येईल असं.

एक गोष्ट मी आधीच डोकं लावून विचारायला हवी होती. डिझेल इंजिनला प्लगची ठिणगी लागत नाही. हवा दाबली जाते, तापते, त्यात डिझेलचा फवारा पडतो आणि पेट घेतो. असं इंजिन पाणी उकळलं म्हणून गपकन बंद पडून वीस मिनिटांत पुन्हा गुणगुणायला लागत नाही. उष्णतेने पिस्टन धरायला लागलं तर आवाज बदलतो, ताकद उतरते, आणि बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारला तर इंजिन जड फिरतं किंवा फिरतच नाही. आमचं इंजिन बंद पडल्या पडल्या सेल्फला मोकळं फिरायचं, फक्त पेटायचं नाही. म्हणजे त्याला डिझेल मिळत नव्हतं. एवढं कळायला तीन वर्षं!

आणखी एक समज इथेच काढून टाकतो. "उन्हात पाइपातलं डिझेल उकळते अन् वाफ धरते," असं बरेच जण सांगतात. पेट्रोलचं होऊ शकतं. डिझेल उकळायला सुरुवातच १६०-१८० अंशांच्या आसपास होते. बॉनेटखाली कितीही भट्टी झाली तरी पाइपातलं डिझेल तितकं तापत नाही. त्यामुळे पाइपाला ओलं बारदान गुंडाळून फायदा झाल्यासारखा वाटला, तर तो गुंडाळण्यात गेलेल्या वेळाचा समजा.

मग मी मुलाची एक जुनी शंभर पानी वही टूलबॉक्समध्ये टाकली. ट्रॅक्टर बंद पडला की चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता सुरू केला, किती मिनिटांनी बंद पडला, काटा कुठे होता, टाकीत डिझेल किती होतं. शेवटचा रकाना मी उगाच आखला होता, आणि नेमका तोच बोलला. टाकी काठोकाठ भरलेली असली की ट्रॅक्टर चाळीस-पन्नास मिनिटांत बंद. टाकी अर्धी असली की दोन-अडीच तास काही तक्रार नाही. गरम होऊन बंद पडत असता तर टाकीतल्या डिझेलशी त्याचा संबंध काय?

संबंध हवेशी होता. टाकीतून जितकं डिझेल जातं तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक छिद्र असतं. ते बुजलं की आत ओढ तयार होते, आणि एका हद्दीनंतर फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला, डिझेल ओढवत नाही. आता हिशेब बघा. टाकी भरलेली असताना वर हवा समजा तीन लिटर. पाऊण तासात तीन लिटर डिझेल गेलं, तर तीच हवा सहा लिटर जागेत ताणली जाते, म्हणजे दाब निम्म्यावर येतो. टाकी अर्धी असताना वर हवा वीस लिटर. तेवढंच डिझेल गेलं तरी दाब साधारण आठव्या हिश्शाने उतरतो, पंपाला त्याचं काही वाटत नाही. उन्हाळवाहीला आम्ही सकाळीच टाकी गच्च भरायचो, दुपारी वावरातून परत यायला नको म्हणून. म्हणून हे दुखणं नेमकं मे महिन्यात यायचं आणि उन्हाच्या माथी मारलं जायचं. बाभळीखाली उभा केल्यावर गारव्याने काही होत नव्हतं. झाकणाच्या आट्यांतून हळूहळू हवा आत झिरपायची, बस.

दुसऱ्या दिवशी बंद पडल्याबरोबर मी डिझेलचं झाकण हळूच फिरवलं आणि कान लावला. "फुस्स" करून हवा आत गेली. हाताने डिझेल चढवायचा प्रायमर चार वेळा दाबला, सेल्फ मारला, सुरू. झाकण उलटं करून पाहिलं तर छिद्रावर खताच्या पिशवीतल्या पन्नीचा गोल कापलेला तुकडा, घट्ट बसलेला. आमचे सालदार काका शेजारीच उभे होते. "वायसर नव्हता झाकनाले. पावसाचं पानी आत जात होतं, म्हनून म्याच लावला होता पन्नीचा तुकडा," ते म्हणाले. चूक त्यांची नाही. पाणी थांबवायचं काम त्यांनी चोख केलं होतं, वायसर आणायचं माझं राहिलं होतं.

तेव्हा तुमचाही ट्रॅक्टर ठरावीक वेळाने बंद पडत असेल तर पहिली तपासणी हीच, पैसे लागत नाहीत. फक्त घाईत झाकणांची गफलत करू नका. उघडायचं ते डिझेलचं झाकण. गरम इंजिनाच्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं पाणी दाबातून सुटून थेट तोंडावर येतं. आमच्या गल्लीत एकाचा हात कोपरापर्यंत असाच भाजलेला आहे.

झाकण साफ करूनही बंद पडत असेल तर पुढची परीक्षा डब्याची. पाच लिटरचा स्वच्छ डबा घ्या, त्यात गाळलेलं डिझेल भरा, इंजिनापेक्षा उंच पण सायलेन्सर आणि पंख्यापासून लांब पक्का बांधा, आणि नव्या पाइपाने थेट फीड पंपाला जोडा. टाकी, कॉक, जुना पाइप सगळं बाजूला. या डब्यावर ट्रॅक्टर कुरकूर न करता तासभर चालला, तर दोष फीड पंपाच्या मागे आहे. तरीही बंद पडला तर फीड पंप, फिल्टर किंवा त्यापुढे. अर्ध्या तासाच्या या कामाने निम्मा ट्रॅक्टर संशयातून सुटतो. मिस्त्री लोक हे करत नाहीत, कारण त्यांना वेळ नसतो आणि डबा आपला असतो.

टाकीच्या बाजूचा दोष निघाला तर बहुतेक वेळा कचरा असतो. आमच्या टाकीत कॉकच्या तोंडाशी बारदानाचे धागे आणि एक कुजका पाला होता. इंजिन चालू असताना असा कचरा ओढला जाऊन तोंडावर बसतो, बंद केलं की तरंगत बाजूला होतो. म्हणून तपासताना सगळं ठीक दिसतं. टाकी उतरवून दोनदा डिझेलनेच विसळा, पाण्याने नको.

हवा ओढण्याचं दुखणं जास्त चिवट. रबरी पाइप उन्हाने कडक होतात, क्लिपखाली भेगा पडतात, तांब्याचे वायसर वारंवार आवळून चपटे होतात. टाकी उंचावर असल्यामुळे ट्रॅक्टर उभा असताना अशा जागेतून डिझेल थोडं पाझरतं आणि चालू असताना त्याच जागेतून हवा आत जाते. म्हणून सकाळी, पुसण्याआधी, पाइपांवर नजर फिरवा. जिथे धूळ ओली होऊन काळी चिकटली आहे, तिथे बोट ठेवा. सापडलं नाही तर फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाइप जोडून इंजिन चालवा. त्यात बुडबुडे दिसले की चोर टाकीच्या बाजूला. तांब्याचे वायसर पुन्हा वापरू नका, दहा-वीस रुपयांची वस्तू आहे.

पाण्याची भानगड पावसाळ्यात. रात्री टाकी रिकामी ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी होऊन तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशीसारखा बुळबुळीत थर धरतो आणि फिल्टर चोंदवतो. फिल्टरच्या काचेच्या वाटीतलं थोडं डिझेल पांढऱ्या बाटलीत काढून रात्रभर ठेवा, सकाळी खाली पाण्याची रेघ दिसते का बघा. टाकी संध्याकाळीच भरून ठेवा.

एवढी खोलखाल केल्यावर एअर, म्हणजे पाइपांत शिरलेली हवा, काढावीच लागते. क्रम चुकवू नका: आधी पहिल्या फिल्टरचा बोल्ट सैल करून प्रायमर मारायचा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळायचं, मग दुसरा फिल्टर, मग पंप. शेवटी नोझलचे नट एक-एक आटा सैल करून सेल्फ मारायचा. नोझलजवळ हात नेऊ नका. तिथला फवारा दीडशे-दोनशे बारच्या दाबाचा असतो, तो कातडीतून आत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट जाण्याची वेळ येते. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

बंद पडणं थांबलं. गरम होणं मात्र तसंच राहिलं, आणि आता ते एकटं असल्यामुळे नीट दिसायला लागलं.

आपल्याकडच्या उन्हाबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. रेडिएटर उष्णता किती टाकतं हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर असतं. थंडीत हवा २५ अंश आणि पाणी ९० असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात अकोल्या-अमरावतीकडे पारा ४५ वर गेला की फरक उरतो ४५ चा. म्हणजे काही न बिघडता रेडिएटरची जवळपास तिसरा हिस्सा ताकद ऊनच खातं. हिवाळ्यात जो दोष पोटात खपून जातो तो उन्हाळ्यात वर येतो. म्हणून "आतापर्यंत तर चालत होता" या वाक्याला अर्थ नाही.

पण आमचा हिवाळ्यातही गरम व्हायचा, तूर काढताना. हडंब्यावर, म्हणजे मळणीयंत्रावर, ट्रॅक्टर एका जागी उभा असतो, समोरून वारा नाही, आणि कुटार (भुसा) हवेत. पंखा ते कुटार जाळीवर ओढून घेतो. तासाभरात जाळीवर गोधडी होते. वरून दिसतं ते हाताने पुसतात, पण बारीक कुटार आणि सोयाबीनची माती रेडिएटरच्या पत्र्यांच्या आत घुसते, त्यात ऑइलचा थेंब मिसळला की चिखल. हवा किंवा पाणी मारायचं ते इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर. समोरून प्रेशर मारला की तो आणखी आत ठासला जातो आणि पत्रे वाकतात. आमच्याकडे एकाने खिळ्याने कोरून साफ केलं होतं. साफ झालं खरं, पण गळायलाही लागलं.

जाळी साफ झाली की कागदाची परीक्षा करा. इंजिन चालू ठेवून पेपरचं एक पान समोरच्या जाळीवर धरा आणि सोडा. पान चिकटून राहिलं पाहिजे. आमचं गळून पडलं. कारण आधी वॉटर पंप बदलताना पंखा उलटा बसवला गेला होता. उलट्या पंख्याचा वारा दिशा बदलत नाही, म्हणून लक्षात येत नाही, पण पात्यांचा बाक चुकीच्या बाजूला गेल्यामुळे हवा निम्मीशिम्मीच ओढली जाते. चार बोल्ट काढून पंखा फिरवला, पान चिकटलं. पट्टाही याच वेळी बघून घ्या: दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबला पाहिजे, आणि आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर तो घसरतोय.

रेडिएटरचं झाकण हा आणखी एक दुर्लक्षित भाग. त्यातली स्प्रिंग पाण्यावर दाब ठेवते. अर्धा बार दाब असला तर पाणी शंभराऐवजी ११० च्या वर उकळतं. आमच्या रेडिएटरवर कुठल्याशा जुन्या गाडीचं, स्प्रिंग मोडलेलं झाकण होतं. शोभेचं. पाणी फेकत होता तो त्यामुळे.

आता मूळ रोग. तीस वर्षांत या रेडिएटरमध्ये कोणतं पाणी गेलं? हापशीचं, बोअरचं, विहिरीचं. खारपाणपट्ट्यात राहणाऱ्याला सांगायला नको, आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. हंड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या जॅकेटमध्ये, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीत, आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. वाफ होऊन पाणी जातं, क्षार मागे राहतात, वरून पुन्हा खारं पाणी. थर मिलिमीटरभर झाला तरी उष्णता अडते. ओळखायचं कसं? इंजिन नुकतंच बंद केल्यावर रेडिएटरच्या पत्र्यांवरून हाताचा मागचा भाग लांबून फिरवा, टेकवू नका. सगळीकडे सारखी धग लागली पाहिजे. आमच्याकडे मधला टीचभर पट्टा थंडगार होता, म्हणजे तिथल्या नळ्या बुजलेल्या.

इलाज लिंबूसताचा, म्हणजे सायट्रिक ॲसिडचा. किराणा दुकानात मिळतं. लिटरला ५० ग्रॅमच्या हिशेबाने गोड्या पाण्यात विरघळवलं, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) तात्पुरता काढला, हे पाणी भरून इंजिन अर्धा-पाऊण तास बिनभाराचं चालवलं, थंड होऊ दिलं आणि खाली सोडलं. जे बाहेर आलं ते पाणी नव्हतं, चहा होता, गाळासकट. मग धुण्याच्या सोड्याचं पातळ पाणी, मग दोनदा साधं गोडं पाणी. सोडा फक्त तांब्या-पितळेच्या रेडिएटरला. ॲल्युमिनियम असेल तर तो ते खातो. आणि एक तयारी ठेवा: जुन्या रेडिएटरची काही छिद्रं त्या थरानेच बुजलेली असतात. थर गेला की गळती उघडी पडते. आमच्या दोन जागा गळल्या, डाग मारावे लागले.

थर्मोस्टॅट परत बसवा. "काढून टाका, गरमच होत नाही मग," हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. त्याच्याशिवाय पाणी रेडिएटरमधून धावत सुटतं, इंजिन सकाळी नीट तापत नाही, धूर आणि डिझेल दोन्ही वाढतात. खराब आहे की नाही ते चुलीवर कळतं: पातेल्यात पाणी तापवा, थर्मोस्टॅट दोऱ्याने बांधून आत सोडा. पाणी उकळायच्या बऱ्याच आधी तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवा.

आता आम्ही रेडिएटरसाठी पावसाचं पाणी ठेवतो. दोन-तीन पावसांनी टिनाचा पत्रा धुऊन निघाला की स्वच्छ ड्रममध्ये धरायचं, झाकून ठेवायचं. त्यात कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. आपल्याकडे पाणी गोठत नाही मग कूलंट कशाला, असं मीही म्हणत होतो. ते उकळबिंदू थोडा वाढवतं आणि मुख्य म्हणजे गंज धरू देत नाही.

एवढं सगळं करूनही पाणी फेकत असेल, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सलग बुडबुडे येत असतील किंवा ऑइल ताकासारखं पांढरं दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं. ते घरी करायचं काम नाही. आणि काटा लाल पट्ट्यात गेला म्हणून इंजिन झटकन बंद करू नका, नांगर वर घ्या, चार-पाच मिनिटं हळू चालू ठेवा म्हणजे पाणी फिरत राहील. गरम इंजिनात माठातलं थंड पाणी ओतलं तर हेड तडकतं.

आता भर उन्हात काटा लाल पट्ट्याच्या दोन रेघा अलीकडे थांबतो. नांगरणी तरीही पहाटे पाच ते दहा, माणसाच्या सोयीसाठीच.

एक गोष्ट उरली आहे. गरम असताना बंद केला तर सुरू व्हायला अजून त्रास देतो. गेल्या महिन्यात पंपावर ओलं कापड दहा मिनिटं टाकून पाहिलं, पटकन सुरू झाला. तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या एलिमेंटमधून निसटतं, त्यामुळे सुरू करताना पुरेसा दाब बनत नाही. म्हणजे तो मिस्त्री अगदीच खोटं बोलत नव्हता, फक्त त्याने पाचवं काम पहिलं सांगितलं. पंप तूर विकल्यावर खोलू. तोवर गोठ्यासमोर उतार आहे, तिथेच लावतो.